राखलेला हात

नंदुरबार,
११ जानेवारी

प्रिय जिनेश,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील. ज्या माणसाशी आठवड्यातून चारदा फोनवर बोलणं होतं, त्याने तिकीट चिकटवून पत्र पाठवायचं म्हणजे नक्कीच काहीतरी बिघडलंय, असं तुला वाटणार. बिघडलेलं काही नाही. घरी सगळे ठणठणीत आहेत, तुझ्या संध्यावहिनीची शाळा सुरू आहे, माझा गुडघा तेवढा थंडीत कुरकुरतो. फोनवर हे बोलता येत नाही, एवढंच. मी जरा गंभीर सूर लावला की तू म्हणतोस, "गिऱ्हाईक उभं शे भो, मंग कर," आणि तो 'मंग' कधी उगवत नाही. जियाच्या हाती चिठ्ठी दिली असती, तर गाडी खांडबाऱ्याला लागायच्या आत तिने ती फोडून वाचली असती. पोरगी तुझी, पण सवयी माझ्या वर्गातल्या. म्हणून पोस्टाने.

गेल्या रविवारी मी दुकानात आलो होतो तो जियासाठी. बॉक्सिंगच्या निवासी केंद्राने तिला निवडलंय, बापाची सही हवी, फॉर्म तुझ्यासमोर काउंटरवर होता. तू तो वाचलास, घडी घातलीस आणि परत माझ्याकडे सरकवलास. म्हणालास, "आपलं ते रक्तच नही भो. मन्हामा दम नव्हता, तिनामा कथाईन येई?" तुझ्यात नव्हता तो दम तिच्यात कुठून येणार, ती तिथे जाऊन तुझ्यासारखीच हात हलवत परत येईल, लोक हसतील, त्यापेक्षा इथेच खेळू दे, असं तुझं म्हणणं. मग चहा आला, आणि कप हातात देताना तू मला अगदी सहज विचारलंस, "तुले तरी ठावूक शे का, मी काबर हारनू?" मी चहा प्यायलो. वरच्या फळीवरच्या बिस्किटांच्या बरण्या पाहत बसलो, गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. तुला वाटलं असेल, तू का हरलास हे याला माहीत नाही. मला माहीत आहे, जिनेश. वीस वर्षांपासून माहीत आहे. ते आज लिहितोय. वाचून झाल्यावर तू माझ्या घरची पायरी चढशील की नाही, मला खात्री नाही, आणि न चढलास तर मला ते फार लागेल. तरी शेवटपर्यंत वाच, कारण जियाचं जाणं-न जाणं यावरच आहे.

खांडबाऱ्याच्या बाजारात या प्रश्नाची उत्तरं ढिगाने पडली आहेत. तीन वर्षं लागोपाठ राज्याचा हेवीवेट चॅम्पियन, नव्वद किलोचा गडी, पेपरात फोटो, स्टेशनवर हार-तुरे, आणि देशपातळीवर मात्र तिन्ही वर्षं दुसऱ्या-तिसऱ्या लढतीतच गाशा गुंडाळला. मग लोक गप्प कसे बसणार? कोणी म्हणालं, ज्याच्या पोटात कधी अंडं गेलं नाही तो काय मारणार. कोणी म्हणालं, पर्युषणात आठ दिवसांची अठाई केली, उपासाने ताकद गेली. ती अठाई तू तिन्ही वर्षं हरून झाल्यावर केली होतीस, हे कोणाच्या गावी नव्हतं. कोणी शेठजींना धरलं, की शांतिलालशेठला पोरगा गल्ल्यावर हवा होता. आणि बिचारी अल्पना! ती लग्न होऊन तुमच्या घरात आली तुझ्या शेवटच्या लढतीनंतर सहा महिन्यांनी, तरी "लगीन व्हयनं अन् गडी नरम पडना" हे तिच्या माथी मारून लोक मोकळे. या सगळ्यांतून तू स्वतःसाठी सर्वांत वाईट उत्तर निवडलंस. दमच नव्हता म्हणे! बाकीचं मी इतकी वर्षं हसण्यावारी नेलं, हे मात्र झोंबलं. कारण हे धादांत खोटं आहे असं छातीठोकपणे सांगू शकेल असा जगात एकच माणूस आहे, आणि तो चहा पिऊन निघून आला.

फुलसिंग सरांचं ते मिरचीचं गोदाम तुला आठवतं ना? सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आलेला माणूस, आपल्या जिल्ह्यात कबड्डीपलीकडे कोणाला काही माहीत नाही, आणि हा गडी व्यापाऱ्याच्या रिकाम्या गोदामात ताडपत्री अंथरून पोरांना बॉक्सिंग शिकवतोय. हंगामात तिथे मिरची, एरवी आपण. पण मिरचीचा धुरळा बारा महिने भिंतीत बसलेला. पहिल्या दहा मिनिटांत सगळा वर्ग शिंकायचा, घाम डोळ्यांत गेला की आई आठवायची. मी सरकारी वसतिगृहातून चालत यायचो, तू खांडबाऱ्याहून गाडीने यायचास, भलीमोठी पिशवी घेऊन. सोळा वर्षांचा होतास आणि दारातून आत आलास तर उजेड कमी झाला. तिसऱ्या दिवशी तू ठोसे मारायचं पोतं फाडलंस. सरांनी त्यात मिरचीचं बी भरलं होतं. ते सगळीकडे उडालं, वीस पोरं ढसाढसा रडतायत, आणि सर स्वतःच्या डोळ्यांवर पाणी मारत हसतायत, "अरे, ये तो तोप है, तोप!" त्या दिवशी मी वसतिगृहात जाऊन सांगितलं होतं, की आपल्या नंदुरबारचा एक पोरगा देशाकडून खेळणार आहे. मला अजूनही वाटतं की मी चुकीचं बोललो नव्हतो.

अडचण एकच होती. तुझ्या वजनाचा दुसरा कोणी पूर्ण जिल्ह्यात नव्हता. सरांनी शहाद्याकडचा एक पहिलवान आणला, तो एका आठवड्यात परत आखाड्यात गेला. एक पोलीस यायचा, त्याची बदली झाली. बदली त्याने मागून घेतली असं आपण म्हणायचो. उरलो मी. बासष्ट किलो, पाय चपळ, आणि पळून जाऊन जायचं कुठे हा प्रश्न असलेला. सरांनी मला तुझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, हा तुझा जोडीदार. महिन्याभरातच तो दिवस आला. तुझा उजवा हात माझ्या नाकावर बसला आणि मी ताडपत्रीवर आडवा. रक्त बघून माझ्यापेक्षा तूच जास्त घाबरलास. मला दोन पाय आहेत असं मी ओरडत असताना तू मला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलंस, बाजारातून, सगळ्यांच्या देखत! दुसऱ्या दिवशी तू आलाच नाहीस. तिसऱ्या दिवशी आलास तो वेगळाच. तुझा हात त्याच वेगाने यायचा, आणि माझ्या कातडीला टेकता टेकता थांबायचा. टेकल्याचं कळावं इतकाच. दिवसाला शंभर-दोनशे ठोसे, सहा वर्षं. एकदाही माझं नाक फुटलं नाही, एक दात हलला नाही. आणि मी काय केलं? वसतिगृहात फुशारकी मारली, की हेवीवेटचे ठोसे मला लागतच नाहीत!

आणि दादीसाचे डबे. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा तुमच्या घरचा नियम, आणि सरांचा सराव सुरू व्हायचाच मुळी दिवेलागणीला. मग इचरजबाई दादीसा दुपारच्या गाडीने तुझ्याबरोबर डबा द्यायच्या आणि आपण गोदामाच्या पायरीवर बसून उन्हं उतरायच्या आत जेवायचो. मला असला काही नियम नव्हता, पण भूक कायम होती. पहिल्या आठवड्यात तू माझ्याबद्दल घरी सांगितलंस आणि दुसऱ्या आठवड्यापासून दोन डबे यायला लागले. माझ्या डब्याला लाल दोरा बांधलेला असायचा, तुमच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून. मला ते कळायचं, आणि राग आला नाही असं मी म्हणणार नाही. पण त्या लाल दोऱ्याच्या डब्यात तुझ्यापेक्षा दोन फुलके जास्त असायचे, गट्ट्यांची भाजी काठोकाठ असायची. दोन वर्षांनी मी पहिल्यांदा तुमच्या घरी जेवलो तेव्हा त्यांनी तुझ्याशेजारीच पान मांडलं आणि स्वतः वाढलं, "छोरा, थोडो और ले." दोरा त्या दिवसापासून गेला. असं बदलायला माणसं आयुष्य घालवतात, त्या बाईने दोन वर्षांत केलं. मी आज जो काही धडधाकट आहे त्यात त्या डब्यांचा मोठा वाटा आहे, आणि हे मी त्यांना जिवंतपणी सांगितलं याचं मला बरं वाटतं.

आता ते सांगतो, जे कधी सांगितलं नाही. दोन हजार पाच साल. तू पहिल्यांदा राज्यात जिंकला होतास. दिवाळीआधी पुण्याहून एक मोठे कोच तुला बघायला आले होते, आठवतात? पांढरी टोपी, शिट्टी गळ्यात. त्यांनी तुझी-माझी तीन राउंड पाहिली, तुला पाणी प्यायला पाठवलं आणि मला बाजूला घेतलं. म्हणाले, समोर उभा राहणाऱ्यालाच खरं माहीत असतं, म्हणून तुला विचारतो. हा पूर्ण मारतो की हात राखतो? राखत असेल तर मी याला आजच घेऊन जातो. माझ्याकडे याच्याएवढी चार पोरं आहेत, दोन वर्षांत हात मोकळा होईल. आणि पूर्ण मारत असेल तर इथेच राहू दे, घरचं खाणं चांगलं आहे. जिनेश, मला उत्तर माहीत होतं. तू हात राखत होतास हे माझ्याइतकं कोणाला कळणार? मी म्हणालो, "पूर्ण मारतो सर. जीव काढतो."

का म्हणालो, तेही सांगतो. त्या वर्षी आमचे आई-बाबा दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत निघाले होते, थोरला भाऊ आधीच गेला होता, आणि बाबांनी मला निरोप पाठवला होता, की आता बास झालं शिक्षण, तूही चल. खात्या वळवीच्या पोराने कॉलेज करून काय करायचं, असं गावातले सगळेच म्हणत होते. मी कळवलं, की इथे एक मोठा खेळाडू घडतोय, त्याला माझी गरज आहे, सरांनी सोडलं नाही. बाबांना ते पटलं. तू गेला असतास तर माझी गरज संपली असती, सरांचा वर्गही बंद पडला असता, आणि मी उसाच्या फडात. हे झालं सांगण्यासारखं कारण. दुसरं सांगायला लाज वाटते. तू गेल्यावर मी त्या पायरीवर एकटा जेवणार होतो, आणि ते मला नको होतं. धडगावच्या डोंगरातून आलेल्या पोराला नंदुरबारात तुझ्याशिवाय कोणी हाक मारत नव्हतं. कोच टोपी नीट करून निघून गेले. तुला वाटलं, तू त्यांना पसंत पडला नाहीस. तू त्या दिवशी मला म्हणालास, "जाऊ दे, आपुन इथंच बरा." मी मान डोलावली.

राज्यात तुझं खपून गेलं, कारण राज्यात तुझ्या वजनाचे जेमतेम सहा-सात होते आणि त्यांना तुझा अर्धा हातही पुरे होता. देशात तसं नव्हतं. त्या वर्षी हरियाणात मी तुझ्या कोपऱ्यात पाण्याची बाटली घेऊन उभा होतो. तिसऱ्या राउंडला तू त्या रेल्वेच्या खेळाडूला दोरीपाशी कोंडलंस. त्याचे हात खाली आले होते. तुझा उजवा हात निघाला, त्याने डोळे मिटून घेतले, आणि हात त्याच्या हनुवटीपाशी येऊन टेकला. लोकांना वाटलं, दमला. सरांना वाटलं, अंतर चुकलं. ते ओरडले, "खुल के मार!" मला मात्र तो थांबा ओळखीचा होता. तीन वर्षं रोज माझ्या नाकापाशी जो थांबत होता, तोच तिथे थांबला. हाताला काय कळतं, समोर ईश्वर आहे की रेल्वेवाला? त्याने डोळे उघडले, आपण शाबूत आहोत हे बघून त्याला आश्चर्य वाटलं, आणि मग त्याने तुला उरलेली लढत झोडपलं. पुढच्या दोन्ही वर्षी तेच. तुझ्यापेक्षा हलक्या दर्जाची पोरं तुला गुणांवर हरवून गेली. परतीच्या गाडीत तू खिडकीकडे तोंड करून बसायचास आणि मी तुझ्यासाठी चहा आणायचो. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. दर वेळी चहाच दिला.

हात तू का राखत होतास, हे मला कळलं ते सहा वर्षांपूर्वी, दादीसा अंथरुणाला खिळल्या तेव्हा. मी भेटायला आलो होतो. तू दुकानात होतास. त्यांनी मला जवळ बसवलं आणि हळूच म्हणाल्या, की माझं नाक फुटलं त्या दिवशी तू घरी जाऊन जेवला नव्हतास. त्यांनी विचारलं तेव्हा रडून सगळं सांगितलंस. मग त्यांनी तुला देवासमोर हात जोडायला लावले आणि नियम दिला, की जोवर त्या पोराबरोबर खेळशील तोवर त्याला लागेल असा हात उचलायचा नाही. तू घेतलास. आणि तुमच्या घरात घेतलेला नियम म्हणजे काय, हे मी तुझ्या डब्याच्या वेळेवरून सहा वर्षं बघत होतो. एकदाही तू तो मोडला नाहीस, आणि एकदाही मला सांगितलं नाहीस, सरांना नाही, कोणालाच नाही. दादीसांनी माझा हात धरून विचारलं, "ईश्वर, म्हारा नियम सूं हारयो के?" त्यांच्या नियमामुळे तू हरलास का, हे त्यांना मरायच्या आधी जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, नाही दादीसा, तसं काही नाही. त्या शांत झाल्या. हे खोटं बोलल्याचं मला दुःख नाही. एका पोराला लागू नये म्हणून दिलेला नियम होता तो, त्याची बोच घेऊन त्या गेल्या असत्या तर मलाच झोप लागली नसती. आणि चूक नियमाची नव्हतीच. नियम माझ्यापुरता होता. तुला माझ्यापासून हलवायला हवं होतं, तुझ्याएवढ्यांमध्ये न्यायला हवं होतं, तिथे हा नियम लागूच झाला नसता. ते झालं नाही ते माझ्या तोंडामुळे.

आता आभार मानायची वेळ. तू म्हणशील, आता काय भाषण करतोस का. करू दे. डिसेंबरात मी फुलसिंग सरांना भेटायला धानोऱ्याला गेलो होतो. सर अडुसष्टचे झालेत. सैन्यात ते त्यांच्या पलटणीतल्या एका मोठ्या बॉक्सरचे सरावाचे जोडीदार होते, हे आपल्याला ठाऊकच होतं. तो मोठा गडी हात राखत नसे. आज सरांना बशी दोन्ही हातांनी धरावी लागते आणि तरी चहा सांडतो. त्यांची बायको दिवलीबाई शेजारी बसून त्यांना घास भरवते. त्यांनी मला ओळखलं, पण माझ्याबरोबर आलेल्या माझ्या लेकीला, गायत्रीला, तीनदा कालीबाई म्हणाले, माझ्या आईच्या नावाने. डॉक्टर म्हणतात, हे डोक्याला बसलेले जुने मार आहेत, ते वय झालं की वर येतात. मी घरी आलो, संध्याकडून सुई-दोरा मागून घेतला आणि उजेडात उभा राहून ओवून पाहिला. पहिल्या झटक्यात गेला. संध्या म्हणाली, हे काय नवीन? मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं. मी शाळेत दोनशे पोरांची नावं हजेरी न बघता घेतो. हे पत्र लिहिणारा हात थरथरत नाहीये, अक्षर तूच बघ. हे सगळं तू मला दिलंस, जिनेश, आणि त्यासाठी देशाच्या जर्सीवर पाणी सोडलंस, स्वतःला न कळता. माझ्या आईने मला जन्म दिला आणि तू मला शाबूत ठेवलंस. याहून साध्या शब्दांत मला सांगता येत नाही. तुझ्यात दम नव्हता म्हणे! पोतं फाडणारा हात माणसाच्या नाकापाशी रोज दोनशे वेळा थांबवायला किती दम लागतो, हे या जिल्ह्यात माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

राहिलं जियाचं. अठ्ठ्याहत्तर किलोची तुझी लेक आणि पंचावन्न किलोची माझी गायत्री. सगळं माहीत असूनही मी त्या दोघींनाच एकमेकींसमोर उभं केलं, कारण जियासमोर उभी राहील अशी माझ्या बॉक्सिंगच्या वर्गात दुसरी नाही. दिवाळीच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं, जियाचा उजवा हात थांबतो. तिला कोणी नियम दिलेला नाही. एका डब्यात जेवणाऱ्या पोरी आहेत, तेवढंच पुरतं. मी बघितलं आणि पुन्हा गप्प बसलो, बघ, माणूस सुधारत नाही. मग गेल्या महिन्यात केंद्राच्या मॅडम आल्या. त्यांनी दोघींची तीन राउंड पाहिली, जियाला पाठवून दिलं आणि माझ्यादेखत गायत्रीला विचारलं, ही पूर्ण मारते का गं? गायत्रीने पापणी लववली नाही. म्हणाली, "नाही मॅडम. माझ्याशी ती अर्धाच मारते, मला लागेल म्हणून. तिला तिच्याएवढ्या मुली पाहिजेत, नाहीतर ती अशीच राहील." एवढं बोलून खाली बसली आणि बुटाची नाडी बांधायला लागली. त्यामुळे जिया निवडली गेली. परतताना गायत्री माझ्या मोटरसायकलवर मागे बसली होती. घराच्या वळणावर तिने विचारलं, "पप्पा, आता माझ्याशी कोण खेळेल?" याच प्रश्नाला घाबरून मी तुझी वाट अडवली होती. तिलाही तोच पडला होता, पण तिने आधी खरं सांगून टाकलं आणि मग विचारला.

काल तिला जियाकडून कळलं, की तू सही केली नाहीस आणि का केली नाहीस. जेवण अर्धं टाकून उठली. म्हणाली, मी उद्या खांडबाऱ्याला जाते, जिनेशकाकांना सांगते की जियात काय आहे ते, तुम्ही इतक्या वर्षांचे मित्र आणि तुम्हाला साधं बोलता येत नाही? पंधरा वर्षांची पोर बापाला असं विचारते तेव्हा बापाने काय करायचं? मी तिला म्हणालो, तू जाऊ नकोस, हे मला सांगायचं आहे, तुझ्या जन्माच्या आधीपासूनचं आहे. म्हणून आज रविवारचा वर्ग तिच्यावर सोपवून सकाळपासून लिहायला बसलोय. शनिवारी मी येतो, फॉर्म घेऊन. तू बोलला नाहीस तरी ओट्यावर बसेन, शिव्या दिल्यास तर ऐकून घेईन, त्या माझ्या हक्काच्या आहेत. माझ्यावरचा राग माझ्यावरच काढ, पोरीच्या सहीवर नको. तिला जाऊ दे, जिनेश. आणि तिला गाडीत बसवताना जवळ घेऊन एवढंच सांग, की तिथे सगळ्या तुझ्याएवढ्याच आहेत.

तुझाच,
ईश्वर